नोंदणीचा नाताळ

२४ डिसेंबरची संध्याकाळ. टोकियोच्या शिंजुकु भागातल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात मी उभी आहे. जपानमध्ये अशा दुकानांचं तळघर म्हणजे खाण्याचा बाजार. एरवी मासे, लोणची, मोचीची मिठाई, तयार जेवणाचे डबे अशा सगळ्या गाळ्यांवर गिऱ्हाईक विखुरलेलं असतं. आज सारा लोंढा केककडे वळला आहे. काउंटरसमोर दोन रांगा. पावती हातात असलेल्यांची रांग लांबलचक, पण झरझर पुढे सरकणारी. पावती नसलेल्यांची आखूड, आणि जागची न हलणारी.

पावती पुढे केली की काउंटरमागची मुलगी पांढरा खोका आणते, झाकण उघडून केक दाखवते, हाच ना म्हणून खात्री करून घेते. मग एकच प्रश्न विचारते: घरी पोचायला किती वेळ लागेल? उत्तराप्रमाणे ती खोक्यात गारव्याच्या पुड्या ठेवते. जवळ राहणाऱ्याला कमी, दोन गाड्या बदलून जाणाऱ्याला जास्त. केकची मापंही ठरलेली. 'पाच नंबर' म्हणजे १५ सेंटिमीटर व्यासाचा, चौघांच्या घराला बेताचा. 'सहा नंबर' म्हणजे १८ सेंटिमीटर. रांगेतली बहुतेक माणसं ऑफिसातून थेट आलेली, गळ्यात टाय आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग. उद्या २५ डिसेंबर, आणि उद्याही ऑफिस आहेच. जपानमध्ये नाताळची सुट्टी नसते.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो परक्याच्या सणाचा. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात जेमतेम एक. तरीही केक, चिकन, दिवे आणि सांता ठाऊक नसलेलं मूल इथे शोधून सापडणार नाही. घरात क्रूस नाही, शेजारी पाद्री नाही, आजीच्या हातची पाककृती नाही, सुट्टीसुद्धा नाही. मग हा सण उभा कशावर राहतो? तळघरातल्या त्या दोन रांगांनी त्याचं निम्मं उत्तर दिलं. लग्न वैदिक पद्धतीने होतं तसं नोंदणी पद्धतीनेही होतं. जपानचा नाताळ या दुसऱ्या प्रकारातला आहे. त्याला मंत्र नाहीत, पण आगाऊ नाव नोंदवल्याशिवाय तो पार पडत नाही.

कर्नलसाहेबांची कृपा

नोंदणीचा सर्वांत मोठा सोहळा केएफसीच्या दुकानांत पाहायला मिळतो. दारातल्या कर्नल सँडर्सच्या पुतळ्याला डिसेंबरात लाल डगला आणि टोपी चढते. पांढरी दाढी, चष्मा आणि गोल चेहरा मुळातच असल्यामुळे त्याचा सांता व्हायला एवढंच पुरतं. चिकनच्या 'पार्टी बॅरल'ची नोंदणी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच उघडते. ती करताना दुकान, तारीख आणि किती वाजता न्यायला येणार ती वेळ, असं तिन्ही निवडायचं असतं. २४ तारखेच्या संध्याकाळच्या वेळा आधी भरतात.

केएफसीचं जपानमधलं पहिलं दुकान १९७० च्या नोव्हेंबरात नागोयाला उघडलं, आणि १९७४ मध्ये कंपनीने नाताळला चिकन खाण्याची जाहिरात देशभर केली. कल्पना सुचली कशी, याच्या दोन कथा आहेत. पहिल्या दुकानाचे व्यवस्थापक आणि पुढे कंपनीचे प्रमुख झालेले ताकेशी ओकावारा यांच्या नावावर एक सांगितली जाते. त्यात एका बालवाडीच्या नाताळच्या कार्यक्रमासाठी चिकन मागवलं जातं आणि ते स्वतः सांताच्या वेषात तिथे जातात. दुसऱ्या कथेत टोकियोच्या दुकानात एक परदेशी गिऱ्हाईक येतो आणि इथे टर्की मिळत नाही म्हणून नाताळला चिकनच नेतो, असं बोलून जातो. खरं काहीही असो, जमीन आधीच भुसभुशीत होती. टर्की इथे दुर्मीळ, आणि मिळाली तरी भाजणार कशात? जपानी स्वयंपाकघरात मासे भाजायचा छोटा ग्रिल असतो, अख्खा पक्षी मावेल अशी भट्टी नसते. त्यातून सत्तरच्या दशकात लोकांच्या हाती पैसा खुळखुळू लागला होता आणि अमेरिकेतून आलेल्या प्रत्येक गोष्टीला झळाळी होती. अमेरिकेत नाताळला असंच खातात, असं अनेकांना खरोखर वाटत होतं. ही गोष्ट समजल्यावर अमेरिकन पाहुणे चक्रावतात. जपानी माणसं हसतात आणि पुढच्या वर्षीची नोंदणी करतात.

आता हे चिकन एका कंपनीपुरतं उरलेलं नाही. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या 'कोनबिनी' दुकानांत तळलेल्या तंगड्यांचा ढीग लागतो, सुपरमार्केटमध्ये सोयासॉस लावून भाजलेल्या तंगड्या चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवतात. लहान मुलांसाठी बिनदारूचं फेसाळ पेय मिळतं. त्याची बाटली हुबेहूब शँपेनची, बूच उडतानाचा आवाजही तसाच.

डिसेंबरातली स्ट्रॉबेरी

नाताळचा जपानी केक म्हणजे मऊ स्पंज, घोटलेली पांढरी साय आणि वर लालबुंद स्ट्रॉबेरी. लाल-पांढरी जोडी इथे मुळात मंगल मानली जाते. लग्नातली मिठाई आणि उद्घाटनाचे पडदेही याच रंगांचे. सुक्या मेव्याने भरलेला, रममध्ये मुरवलेला युरोपी केक इथे फारसा रुजला नाही. योकोहामात १९१० साली सुरू झालेल्या फुजिया या दुकानाने नाताळचा केक विकायला सुरुवात केली. तो घरोघर जायला मात्र फ्रीज यावा लागला. तोवर लोण्याच्या क्रीमचे केक चालायचे, कारण ते बाहेर टिकायचे. दुकानात थंड काचेचं कपाट आणि घरात फ्रीज आल्यावर ताजी साय आली, आणि सायीबरोबर स्ट्रॉबेरी.

पण स्ट्रॉबेरी हे वसंतातलं फळ. दिवस लहान होऊन रात्री गार झाल्या की रोप कळी धरतं, थंडी काढतं आणि उघड्या वाफ्यावर एप्रिल-मेच्या सुमारास पिकतं. सण डिसेंबरात, फळ मे महिन्यात! शेतकऱ्यांनी यावर तोड काढली ती रोपाला फसवण्याची. टोकियोच्या उत्तरेला असलेला तोचिगी प्रांत स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे उन्हाळा सरता सरता, बाहेर अंगाची लाही होत असताना, रोपांचे ट्रे संध्याकाळी शीतगृहात ढकलतात आणि सकाळी पुन्हा उन्हात काढतात. दिवस आखूड झाले, रात्री गारठल्या, असं रोपाला वाटतं आणि ते कळी धरतं. सप्टेंबरात ती रोपं प्लास्टिकच्या हरितगृहात लावायची, फुलं आली की आत मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या, थंडी वाढली की हीटर लावायचे. नोव्हेंबर संपताना पहिलं फळ लाल होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बेकरीवाले भाव न पाहता माल उचलतात. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत फळ भरपूर येतं आणि भाव उतरतात, तेव्हा केकचा सण केव्हाच आटोपलेला असतो.

एवढी मोठी यंत्रणा एका संध्याकाळी टेकवायची म्हणजे कुठे ना कुठे ताण येतोच. कोनबिनीत अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना अमुक इतके केक खपवा असं ठरवून दिलं जातं, आणि न खपलेले त्यांनाच विकत घ्यावे लागतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून येत आहेत. २०२३ मध्ये एका नामांकित डिपार्टमेंट स्टोअरने गोठवून घरपोच पाठवलेल्या केकपैकी आठशेहून अधिक केक चिरडलेल्या अवस्थेत पोचले. तुटलेल्या केकचे फोटो देशभर फिरले, आणि दुकानाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन, कंबरेत वाकून माफी मागितली. खोका उघडला आणि आतला केक मोडलेला निघाला, तर या सणात दुसरं काही उरतच नाही. पूजा चुकली तर पुन्हा करता येते, केक २६ तारखेला पुन्हा आणून उपयोग नाही.

गोव्याहून निघालेली वाट

या सणाची पहिली पावलं मात्र दुकानाची नव्हती, आणि ती आपल्या शेजारून गेली आहेत. सात्सुमा प्रांतातला आंजिरो नावाचा जपानी माणूस १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. पुढच्या वर्षी त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. झेवियर परतल्यानंतर, १५५२ साली, मागे राहिलेल्या कोस्मे द तोर्रेस या पाद्र्याने यामागुची गावात नव्या ख्रिस्ती लोकांबरोबर नाताळची प्रार्थना केली. जपानमधला नोंद असलेला पहिला नाताळ म्हणून तीच सांगितली जाते. जुन्या गोव्यात झेवियरांच्या शवपेटीपुढे रांग लावणाऱ्या आपल्या माणसांना या दुसऱ्या टोकाची क्वचितच कल्पना असते.

ती वाट लवकरच बुजवली गेली. १६१४ मध्ये तोकुगावा सत्तेने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचं सिद्ध करावं लागे. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत आणि बेटांवर काही कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या पाद्र्याविना, पुस्तकाविना श्रद्धा जपली. १८६५ मध्ये नागासाकीत नव्या बांधलेल्या चर्चमध्ये त्यांच्यापैकी काही जण आले आणि फ्रेंच पाद्र्याला हळूच आपली ओळख सांगितली, तेव्हा कुठे जगाला त्यांचा पत्ता लागला. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये.

यानंतर नाताळ पुन्हा आला, पण यावेळी चर्चपेक्षा बाजाराच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकियोच्या गिंझा भागातल्या आयात मालाच्या दुकानांनी सजावट सुरू केली, मागोमाग केकवाले आले, मग कॅफे आणि नाचघरं. योगायोगही मदतीला धावला. ताइशो सम्राट १९२६ साली नेमके २५ डिसेंबरला वारले. त्यांच्या स्मृतिदिनाची सुट्टी १९२७ पासून १९४७ पर्यंत पाळली गेली. सुट्टी सम्राटाची, आदल्या रात्रीची मजा नाताळची. जो धर्म अडीचशे वर्षं जिवावर बेतणारा होता, त्याचा सण परतला तेव्हा त्यात धर्माचा अंश इतका पातळ होता की कुणाला हरकत घ्यावीशी वाटली नाही.

दोघांची संध्याकाळ

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात नाताळ पुरुषांचा होता. गिंझाच्या बारमध्ये डोक्यावर कागदी त्रिकोणी टोप्या घालून साहेबलोक प्यायचे आणि शेवटच्या गाडीने, हातात केकचा खोका लोंबकळवत, घरी जायचे. हळूहळू तो खोका लवकर घरी पोचू लागला आणि सण मुलांचा झाला. सांताची भेट इथे उशाशी ठेवतात, कारण धुरांडं नाही आणि पुष्कळ घरांत झाडही टेबलावर मावेल एवढंच.

ऐंशीच्या दशकात, पैशाचा पूर आला असताना, सणाने पुन्हा कूस बदलली. २४ ची संध्याकाळ प्रेमिकांची झाली. जपान रेल्वेच्या तोकाई कंपनीने १९८८ पासून नाताळच्या जाहिरातींची मालिका केली. दोन शहरांत राहणारे दोघं, बुलेट ट्रेन, फलाटावर वाट पाहणारी मुलगी. मागे तात्सुरो यामाशिता यांचं १९८३ चं 'ख्रिसमस ईव्ह' हे गाणं वाजायचं. गाणं मुळात न येणाऱ्या व्यक्तीची वाट पाहण्याचं, पण १९८९ मध्ये ते विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि आजही दर डिसेंबरात दुकानांतून ऐकू येतं. त्या काळी फ्रेंच रेस्तराँमधलं टेबल, हॉटेलातली खोली, दागिन्याची निळी पेटी हे सगळं महिनोन् महिने आधी नोंदवलेलं असे. एकटं राहणाऱ्यांना ती संध्याकाळ खायला उठायची.

त्याच काळातली एक चेष्टा जपानी बायका अजून विसरलेल्या नाहीत. मुलगी म्हणजे नाताळचा केक, २५ नंतर कुणी विचारत नाही! मुलींचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय आता तिशीच्या आसपास गेलं आहे आणि पन्नाशीतही अविवाहित असलेले पुष्कळ आहेत. ती चेष्टा आता कुणी तोंडावर करत नाही. केकच्या काउंटरवर एकट्याला पुरेल असा छोटा केकही मिळतो, आणि तो मागताना कुणी आवाज खाली करत नाही.

पैसा ओसरल्यावर हॉटेलं परवडेनाशी झाली, तेव्हा फुकट पाहता येणारे दिवे उरले. साप्पोरोने १९८१ मध्ये, सेंदाईने १९८६ मध्ये रस्त्यावरच्या झाडांना दिवे लावले होते. कोबे शहरात १९९५ च्या जानेवारीत भूकंपाने हजारो माणसं गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मृतांच्या स्मरणार्थ दिव्यांच्या कमानी उभ्या राहिल्या. 'लुमिनारिए' नावाचा तो सोहळा दर डिसेंबरात भरत असे. २०२४ पासून तो भूकंपाच्या स्मृतिदिनाला धरून जानेवारीत नेला आहे. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालं. त्या दिव्यामुळे वीज कमी लागू लागली आणि रोषणाई दर उपनगरी स्टेशनापर्यंत पोचली. टोकियोतल्या मारुनोउचीच्या रस्त्यावर जोडपी, आजी-आजोबा, शाळकरी मुली सगळे एकाच संथ गतीने चालतात. पोलीस भोंग्यावरून विनंती करत असतात की फोटोसाठी रस्त्याच्या मध्ये थांबू नका.

ज्यांचा तो खरा सण

टोकियोतल्या योत्सुया स्टेशनाबाहेर संत इग्नेशियसचं चर्च आहे, झेवियर ज्या जेझुइट पंथाचे त्याच पंथाचं. शेजारीच त्यांचं सोफिया विद्यापीठ. इथे जपानीखेरीज इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज, व्हिएतनामी अशा भाषांतही प्रार्थना होतात. जपानचं कॅथलिक जग आता बऱ्याच अंशी फिलिपिनो परिचारिका, व्हिएतनामी कामगार आणि ब्राझीलहून परतलेल्या जपानी वंशाच्या कुटुंबांवर तोललेलं आहे. २४ च्या रात्री इथे नेहमीच्या भाविकांइतकीच कुतूहलाने आलेली मंडळी असतात. हातात मेणबत्ती धरून ती इतरांकडे पाहून उठतात, इतरांकडे पाहून बसतात. प्रवेशाला नोंदणी नाही, पावती नाही. संपूर्ण शहरात त्या संध्याकाळी बिनपावतीची मला दिसलेली जागा ही एवढीच.

इथल्या भाविकांना बाहेरच्या चिकन-केकचा राग येतो का? येत असेल तर तो दिसत नाही. कित्येक जण प्रार्थना संपल्यावर तोच पांढरा खोका उघडतात.

पंचवीसची रात्र

हा सण इतका हलका का राहिला, हे कळायला २५ च्या रात्री दुकानं बंद होताना बाहेर थांबावं लागतं. शटर अर्धं खाली येतं आणि शिड्या निघतात. झाडं, घंटा, तारे खोक्यांत जातात. पहाटेपर्यंत दारांशी बांबू आणि पाइनचे 'कादोमात्सु' उभे राहतात, दारावर गवताच्या पिळाच्या दोऱ्या चढतात. २६ च्या सकाळी सुपरमार्केटमध्ये सांताच्या जागी तांदळाच्या गोल मोचीचे थर दिसतात आणि स्पीकरवर कोतो हे तंतुवाद्य वाजत असतं.

घाईला कारण आहे. नववर्षाचा देव घरी यायचा तर दारातली सजावट वेळेत हवी. २९ तारीख टाळतात, कारण नऊच्या आकड्याशी दुःखाचा संबंध जोडतात. ३१ लाही लावत नाहीत. एका रात्रीची सजावट देवाला पुरत नाही. म्हणून शक्यतो २८ पर्यंत सगळं उरकतात. नाताळला पाय पसरायला जागाच नाही.

आणि इथेच उत्तराचा दुसरा अर्धा भाग आहे. जपानी माणसाच्या वर्षातला मोठा सण नववर्ष. तेव्हा गावी जायचं, आईवडिलांसमोर बसायचं, ३१ च्या रात्री सोबा नावाच्या शेवया खायच्या, देवळातल्या घंटेचे १०८ ठोके ऐकायचे, पहिल्या तारखेला देवदर्शन, नववर्षाच्या जेवणाचे 'ओसेची'चे डबे, मुलांना पाकिटातून पैसे. ओसेचीतला प्रत्येक पदार्थ कशाचं तरी प्रतीक असतो. आधी करून ठेवायचा, म्हणजे तीन दिवस चुलीला विश्रांती. धर्म, कूळ, वडीलधारे, पूर्वज हे सगळं नववर्षाने आधीच वाटून घेतलं आहे. त्यात न मावणाऱ्या गोष्टी उरतात: गोडधोड, दोघांनीच फिरणं, मित्रमैत्रिणी, मुलांचं खेळणं, उगाचच केलेली रोषणाई. त्या नाताळने घेतल्या. नाताळ नववर्षाशी भांडत नाही, म्हणून त्याला कुणी हाकलत नाही. घरातल्या बाईला तो ओट्याशीही उभं करत नाही. केक बाहेरचा, चिकन बाहेरचं, नेऊन टेबलावर ठेवलं की झालं.

निशि-कासाईतलं गणित

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा विभागातलं निशि-कासाई हे भारतीयांचं गाव म्हणून ओळखलं जातं. संगणकवाली मंडळी इथे २००० च्या आसपास येऊ लागली. मूळचे आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली या विभागाच्या नगरसभेवर निवडून आले. इथल्या मराठी घरांत नाताळची गंमत वेगळीच. मुलं जपानी शाळेतून सांता शिकून येतात आणि आईबाप चिकनची नोंदणी करायला विसरले तर घरात महाभारत होतं. पुण्याची एक ताई मला म्हणाली, "अगं, शाकाहारी आम्ही. पण केक चोवीसलाच हवा, पंचवीसला आणला तर पोरगी म्हणते आई, आपण उशीर केला."

तिच्याच टेबलावर आणखी एक गणित कळलं. इथला गणपती पंचांगाप्रमाणे घरी बसतो, पण सार्वजनिक कार्यक्रम येत्या शनिवार-रविवारी, विभागाच्या सभागृहात. सभागृह महिनोन् महिने आधी नोंदवायचं, ढोल किती वाजेपर्यंत चालतील ते आधी लिहून द्यायचं, संपल्यावर फरशी पुसून किल्ली परत करायची. दिवाळीचंही तेच. देव आपला, आरती आपली, पण कॅलेंडर दुसऱ्याचं. त्यातली रिकामी जागा शोधून तिथे नाव नोंदवावं लागतं. जपान्यांनी परक्याचा सण आपल्या कॅलेंडरात बसवला, इथल्या मराठी माणसाने आपला सण परक्याच्या कॅलेंडरात. कसब दोघांचं सारखंच.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा शिंजुकुच्या त्याच तळघरात गेले, तेव्हा केकच्या काउंटरवर नव्या पत्रकांची चळत लागली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या सेत्सुबुनसाठी लागणाऱ्या एहोमाकी नावाच्या सुशीच्या जाड गुंडाळ्या हव्या असतील तर आजच नोंदवा. त्याच्या शेजारी व्हॅलेंटाइनच्या चॉकलेटांचं पत्रक होतं. एक सण जुन्या पंचांगातला, दुसरा बाजाराने आणलेला. फॉर्मवर मात्र दोघांचे रकाने तेच: नाव, फोन, किती नग, कोणत्या तारखेला, किती वाजता.